आश्रित आप्तांची काळजी घेणाऱ्यांसाठी करसवलत : या चुका टाळा

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आई, दृष्टी गेलेले वडील किंवा जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेले मूल घरात सांभाळणाऱ्या नोकरदारांसाठी आयकर कायद्यात सवलत आहे. ती हातची जाते ती बहुधा नाते चुकल्यामुळे, कागद चुकल्यामुळे किंवा तारीख टळल्यामुळे.

पहिली चूक नात्याची. दिव्यांग आश्रिताच्या सांभाळासाठी करपात्र उत्पन्नातून वजावट देणाऱ्या कलम 80डीडीनुसार व्यक्तीसाठी आश्रित म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि भाऊबहिणी, एवढेच. अमळनेर-चोपड्याकडच्या एकत्र कुटुंबात विधवा काकू किंवा आत्या आयुष्यभर पुतण्याकडेच राहते, पण पुतण्याला तिच्यासाठी ही वजावट मिळत नाही. आमच्याकडे सासूबाई चार वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचा सगळा खर्च मी केला आणि पहिल्या वर्षी वजावटही मीच मागितली. जावई या नात्याला कायद्यात जागा नाही, हे मला दावा फेटाळला गेल्यावर कळले. पत्नीला स्वतःचा पगार होता. खर्च तिच्या खात्यातून करून तिच्याच विवरणपत्रात वजावट घेतली असती, तर ती नियमात बसली असती.

आश्रित या शब्दाचा अर्थही नीट पाहावा. ती व्यक्ती पूर्णतः किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असली पाहिजे. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांचे स्वतःचे पुरेसे पेन्शन असेल, तर त्यांनी स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्यासाठीच्या कलम 80यूखाली आपल्या विवरणपत्रात वजावट घ्यावी. त्यांनी ती घेतल्यावर मुलाला त्यांच्यासाठी 80डीडी मागता येत नाही.

रकमेबद्दल गैरसमज उलट दिशेचा आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला 75,000 रुपये आणि 80 टक्के किंवा अधिकला 1,25,000 रुपये अशी ही वजावट ठरावीक आहे. उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण किंवा पुनर्वसनावर खर्च झालेला असावा लागतो, पण तो 30,000 झाला म्हणून वजावट 30,000 होत नाही. अनेक जण बिलांची बेरीज करून तेवढीच रक्कम भरतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात. ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारांसाठीचे कलम 80डीडीबी मात्र प्रत्यक्ष खर्चावर चालते: कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, 40 टक्क्यांहून कमी नसलेले दिव्यांगत्व आणणारे पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंशासारखे मज्जासंस्थेचे आजार यांसाठी 40,000 रुपयांपर्यंत, आणि रुग्ण 60 वर्षांचा किंवा त्याहून मोठा असल्यास 1,00,000 रुपयांपर्यंत. विमा कंपनीने किंवा मालकाने दिलेली रक्कम त्यातून वजा करावी लागते. रुग्णाचे नाव, वय, आजार आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेले प्रिस्क्रिप्शन हवे. नाशिक किंवा मुंबईला उपचार चालू असतील तर ते तिथे असतानाच मागून घ्यावे, कारण नंतर त्या एका कागदासाठी पुन्हा प्रवास करावा लागतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय प्राधिकाऱ्याचेच लागते, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी फॉर्म 10-आयए भरावा लागतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरील मुदत पाहावी. ती संपल्यानंतरच्या वर्षांसाठी पुनर्तपासणी करून नवे घेतल्याशिवाय वजावट मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक करप्रणालीची आहे. या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात, आणि काहीच न कळवल्यास नवी प्रणाली आपोआप लागू होते. म्हणून डोळे मिटून जुनी निवडावी असेही नाही. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर शून्य आहे. पगार 14 लाख असेल, तर पगारदारांना सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीसह जुन्या प्रणालीतील एकूण वजावटी सुमारे 5 लाख 69 हजारांच्या पुढे गेल्या तरच ती फायद्याची ठरते. गृहकर्जाचे व्याज किंवा घरभाडे भत्ता जोडीला असल्यास हा आकडा गाठता येतो. दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच ठरवावे. रावेर-यावलकडे ज्यांचे उत्पन्न केवळ केळीच्या बागेचे आहे, त्यांच्या शेतीउत्पन्नावर मुळात आयकरच नसल्याने हा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही.

मालकाकडे वर्षभर नवी प्रणाली लागू असली, तरी पगारदाराला विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते, मात्र ते मुदतीत, सर्वसाधारणपणे 31 जुलैपर्यंत, भरले पाहिजे. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात हा पर्याय उरत नाही. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाल्याने पुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा जुन्या फाइलवरून क्रमांक उतरवून घेऊ नयेत.