नवा डाइव्ह कॉम्प्युटर: आधी कोरड्यावर शिका

नवा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र, हातात आलं की ते मनगटावर बांधून कधी एकदा पाण्यात उतरतो असं होतं. जरा दम धरा. त्याची बटणं शिकायची जागा जमिनीवर आहे. खाली ग्लोव्हज घालून, प्रवाहात तोल सांभाळत मेनू धुंडाळायला सवड नसते.

मी सुरुवात प्लॅन मोडपासून करतो. त्यात खोली वाढवत नेली की डीकोशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता, खाली किती मिनिटं थांबता येईल, म्हणजे एनडीएल, दिसत जातं. 18 मीटरला ऐसपैस वाटणारा वेळ 30 मीटरपर्यंत कसा आटतो, ते नीट पाहा. मग कॉन्झर्व्हेटिझम (सावधगिरीची पातळी) एक पायरी वाढवा आणि तेच आकडे पुन्हा चाळा. तुमचा आणि बडीचा (डाइव्हमधल्या जोडीदाराचा) कॉम्प्युटर शेजारी शेजारी असूनही वेगळी मिनिटं का दाखवतात, हे तिथेच उलगडतं. अशा वेळी जो कमी मिनिटं दाखवतो, त्याचं दोघांनी ऐकायचं.

हे यंत्र मोजतं मुख्यतः दाब आणि वेळ. पुढचं सगळं गणित. अनेक मॉडेल्स ब्युहलमन या संशोधकाच्या पद्धतीने 16 काल्पनिक ऊतींमध्ये किती नायट्रोजन साचला याचा हिशेब ठेवतात. तुमची झोप झाली नाही, अंगात पाणी कमी आहे, थंडी वाजतेय, यातलं बहुतेक काही त्याला कळत नाही. म्हणून एनडीएल शून्यावर येईपर्यंत खाली रेंगाळणं मला पटत नाही, स्क्रीन हिरवी असली तरी.

नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर सिलिंडरचं अ‍ॅनलायझरवर आलेलं ऑक्सिजनचं प्रमाण प्रत्येक डाइव्हआधी स्वतः भरा. काही मॉडेल्स डाइव्ह संपल्यावर ते आपोआप बदलतात. 32 टक्क्यांना, ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची 1.4 बारची मर्यादा धरली, तर कमाल खोली साधारण 33 मीटर येते.

पहिली डाइव्ह उथळच ठेवा आणि वर येतानाच्या वेगाच्या पट्टीकडे बघायची सवय लावा. मिनिटाला 9 ते 10 मीटर ही नेहमीची कमाल. शेवटच्या 10 मीटरमध्ये दाब निम्मा होतो, आणि नवखे नेमके तिथेच घाई करतात. 5 मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपमध्ये (खबरदारीच्या थांब्यात) काउंटडाउन अचानक थांबलं, तर यंत्र बिघडलं असं समजू नका. बहुधा तुम्हीच वर-खाली सरकलेले असता.

एनडीएल संपल्यावर त्या जागी काय उमटतं, ते मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा: कोणत्या खोलीवर, किती मिनिटं थांबायचं. आणि दोन डाइव्हच्या मधे कॉम्प्युटर कुणाला उसना देऊ नका. त्यात तुमचा नायट्रोजन मांडलेला असतो, त्याचा नाही.