पब विक्रीला निघण्याआधीची तयारी

आमच्या गावचा पब विकायला काढलाय हे आम्हाला पबच्या काउंटरवरच कळलं, तेही मालकाने एजंट नेमून झाल्यावर. मग गावकऱ्यांनी मिळून तो घ्यायचा म्हणून जी पळापळ झाली ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून ही यादी. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठीच लिहितोय, कारण स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे आहेत. पब घेण्यासाठीच्या समितीत मी खजिनदार होतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दारूच्या गुत्त्यासाठी वर्गणी गोळा करतोस?" तिला पटवायला वेळ लागला. गावातलं पोस्ट गेलं, दुकान गेलं, बस दोन तासांनी एक. पाऊस पडत असताना चार माणसांनी टेकायचं म्हटलं तर तेवढी एकच जागा उरली होती.

पहिलं काम पब सुरळीत चालू असतानाच उरकायचं. 2011 च्या लोकलिझम कायद्याखाली पबची नोंद कौन्सिलकडे 'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू', म्हणजे लोकांच्या दृष्टीने मोलाची जागा, म्हणून करून घ्यायची. सगळे तिला एसीव्ही म्हणतात. अर्ज पॅरिश कौन्सिल (इथली ग्रामपंचायत म्हणा) करू शकते, किंवा त्या किंवा शेजारच्या कौन्सिलच्या मतदारयादीत नाव असलेले किमान 21 जण गट करून करू शकतात. हे 21 जण जमवताना आपली माणसं विसरू नका. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून आपल्याला इथे मत नाही, असा कित्येकांचा पक्का समज असतो. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं. आमच्या 21 मधले तीन जण असे शेवटच्या आठवड्यात नाव नोंदवून आले.

अर्जाला नकाशा जोडतात आणि त्यावर लाल रेघेने हद्द दाखवतात. इथे आम्ही माती खाल्ली. आम्ही फक्त इमारतीभोवती रेघ ओढली. मागची बाग आणि गाड्या लावायची जागा बाहेरच राहिली. बिल्डरला इमारतीत कधीच रस नसतो, त्याला चार घरं मावतील एवढी मागची जमीन हवी असते. कौन्सिलमधल्या बाईंनी फोन करून विचारलं म्हणून चूक निस्तरता आली, पण तीन आठवडे गेले. तेव्हा आधी लँड रजिस्ट्रीतून मालकीचा उतारा आणि नकाशा काढा. किरकोळ फी पडते. जागा एकाच उताऱ्यावर आहे की दोन, फ्रीहोल्ड म्हणजे कायमच्या मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, आणि पुढे पब चालवायला मनाई करणारी एखादी अट आत लपली आहे का, हे तिथेच कळतं. वरच्या मजल्यावर मालक राहत असेल तर घाबरू नका. निव्वळ राहतं घर यादीत येत नाही, पण पबवरचं घर पबाबरोबर येऊ शकतं.

अर्जात "आमचं पबवर प्रेम आहे" असं लिहून भागत नाही. या जागेमुळे इथल्या लोकांचं सामाजिक जीवन चालतं आणि पुढेही चालू शकेल, हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन महिने एक वही ठेवा. मंगळवारची क्विझ, गुरुवारची डार्ट्सची मॅच, विणकाम करणाऱ्या बायकांची दुपार, कुणाच्या अंत्यविधीनंतरचे चहा-सँडविच, सगळं तारखेसकट आणि अंदाजे किती माणसं आली तेही लिहा. आमच्या वहीतली सगळ्यात वजनदार नोंद एका आजोबांची निघाली. ते रोज साडेअकराला येऊन अर्धा पाइंट घेत, आणि एके दिवशी आले नाहीत म्हणून बारवाल्या मुलीने घरी जाऊन दार ठोठावलं. अशा नोंदी माणसाला विचारूनच अर्जात घाला.

कौन्सिलला निर्णयासाठी 8 आठवडे मिळतात. नोंद झाली की 5 वर्षं टिकते. संपायची तारीख आताच कॅलेंडरवर टाका, नवा अर्ज पुन्हा आपल्यालाच करायचा असतो.

आता या नोंदीने काय मिळतं ते नीट समजून घ्या, कारण अर्धे गट इथेच गाफील राहतात. पब मिळत नाही; वेळ मिळतो. मालकाला विकायचं झालं की आधी कौन्सिलला कळवावं लागतं. त्या दिवसापासून 6 आठवड्यांत तुम्ही "आम्हालाही बोली लावायची आहे" असं लेखी कळवलंत, तर त्याच तारखेपासून एकूण 6 महिने विक्री थांबते. पुढे मालक कुणालाही विकायला मोकळा, तुम्हालाच विकायचं बंधन त्याच्यावर नाही. शिवाय चालता धंदा चालता धंदा म्हणूनच विकला तर ही थांबवणूक लागूच होत नाही. आणि खरी मेख अशी की अर्ज करायला 21 जणांचा सैल गट चालतो, पण बोलीचं पत्र द्यायला रीतसर संस्था लागते: पॅरिश कौन्सिल, धर्मादाय संस्था, सीआयसी (लोकहितासाठी काढलेली कंपनी), नफा न वाटणारी कंपनी किंवा कम्युनिटी बेनिफिट सोसायटी (लोकहितासाठीची सभासदांची संस्था). त्या 6 आठवड्यांत संस्था काढू म्हणाल तर घोडं नक्की पेंड खाईल. संस्था आधीच नोंदवून ठेवा. प्लंकेट यूके नावाची संस्था गावकीच्या दुकानांना आणि पबांना हेच काम शिकवते, तयार नियमावलीही देते. त्यांना पहिल्या महिन्यातच फोन करा. नियमांत फेरफार करणारं विधेयक 2025 मध्ये संसदेत आलं होतं, तेव्हा सध्याचे नियम आणि मुदती कौन्सिलकडून एकदा पडताळून घ्या.

दरम्यान पबचे आतून-बाहेरून फोटो काढा. टाइल्स, काचेवरची अक्षरं, बारचं लाकूड, छत, काही सोडू नका. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न 2015 च्या एप्रिलमध्ये परवानगी न घेताच पाडला गेला, वारसा इमारत म्हणून नोंद व्हायच्या तोंडावर. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि 2021 मध्ये तो उघडला. इमारतीची बारीक नोंद आधी झालेली होती म्हणून हे साधलं. मे 2017 पासून इंग्लंडात पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला प्लॅनिंगची परवानगी लागते, म्हणून त्या पत्त्यासाठी अर्ज आला की आपल्याला कळेल अशी सूचना कौन्सिलच्या साइटवर लावून ठेवा आणि हरकती स्वतःच्या शब्दांत लिहा. एकाच नमुन्याच्या शंभर पत्रांपेक्षा दहा वेगळी पत्रं बरी.

पैशाचं सांगतो. आश्वासन म्हणजे पैसा नव्हे. "हजार पौंड धरा माझे" म्हणणाऱ्यांतले काही जण चेक लिहायच्या वेळी दिसत नाहीत, तेव्हा हातचं राखूनच बेरीज करा. पब घ्यायला संस्था लोकांना जे भाग विकते ते कम्युनिटी शेअर. ही आपली वर्गणी नाही, पण बाजारातला शेअरही नाही: कुणी पन्नास पौंड घालो की पाच हजार, मत प्रत्येकाला एकच, आणि भाव वाढत नाही. हे बैठकीत तीनदा सांगा, तरी चौथ्यांदा कुणीतरी विचारतंच. लंडनमधल्या नन्हेडचं आयव्ही हाउस 2013 मध्ये लोकांनी असंच घेतलं, 371 भागधारकांनी, पण कर्ज आणि अनुदानाशिवाय ते जमलं नसतं. नॉर्थ यॉर्कशरमधल्या हडसवेलच्या गावकऱ्यांनी 2010 मध्ये जॉर्ज अँड ड्रॅगन घेतला. तिथे आता छोटं वाचनालय आणि दुकानही आहे, आणि कॅमरा या बिअरप्रेमींच्या संघटनेचा 2016 चा देशातला सर्वोत्तम पब तोच ठरला. बँकेपुढे जाताना अशी उदाहरणं खिशात असू द्या.

किंमत ठरवायला मालकाचा शब्द किंवा एजंटची जाहिरात धरू नका, पबांचं काम केलेला स्वतंत्र सर्व्हेयर नेमा. त्याच्याबरोबर तळघरात स्वतः उतरा. आमच्या तळघरात पिंपांमागची भिंत हाताला ओली लागली आणि कूलर चालू असूनही थर्मामीटर 17 वर होता. कास्क बिअरला, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरला, 11 ते 13 अंश लागतात. त्या एका मोजणीवर किमतीत घासाघीस करता आली. छप्पर, गॅस, स्वयंपाकघराचा धुराडा, वायरिंग यांचे कागद मागा.

चालवणार कोण हे शेअर विकायच्या आधी ठरवा. आळीपाळीने आपणच बार सांभाळू ही कल्पना पहिल्या महिन्यात गोड वाटते आणि तिसऱ्यात भांडणं लावते. भाडेकरू ठेवा नाहीतर पगारी मॅनेजर, पण पर्सनल लायसन्स (दारू विकायचा वैयक्तिक परवाना) असलेलं एक माणूस हवंच.

ताबा मिळण्याच्या दिवसासाठी वेगळी पिशवी भरून ठेवा. प्रिमायसेस लायसन्स (त्या जागेचा दारूविक्रीचा परवाना) संस्थेच्या नावावर करण्याचा आणि त्यावरचा सुपरवायझर, म्हणजे विक्रीला जबाबदार माणूस, बदलण्याचा अर्ज सही करून तयार, विमा त्या सकाळपासून लागू, कुलपं बदलणारा माणूस दुपारी बाराला सांगितलेला. वीज, गॅस, पाणी या तिन्ही मीटरचे फोटो जुन्या मालकाच्या समोर काढा. पाण्याचा मीटर आमच्याकडे बाहेर फुटपाथवरच्या झाकणाखाली होता आणि ते उघडायला कुणाकडेच हत्यार नव्हतं, म्हणून पिशवीत एक मोठा स्क्रू-ड्रायव्हरही टाका.