ऑस्कर कोणाला मिळणार, हे आधीच कसं ओळखायचं

जानेवारी लागला की आमच्या नागपूरच्या ग्रुपवर ऑस्करचे अंदाज सुरू होतात आणि दरवर्षी तेच तीन सल्ले फिरून राहतात. गोल्डन ग्लोब ज्याला मिळाला त्याला टिक करून टाक. ज्याला सगळ्यात जास्त नॉमिनेशन तोच जिंकतो. सगळे सिनेमे पाहून घे मग आपोआप कळतं. तिन्ही बिनकामाचे आहेत. मी हे खूप वर्षांपासून करते, आमच्याकडे ज्याच्या सगळ्यात जास्त कॅटेगरी बरोबर येतात त्याला बाकीचे तर्री पोहे खाऊ घालतात, आणि सांगते की हे जमतं, फक्त आपल्याला काय आवडलं ते बाजूला ठेवून मत कोण देतं आणि कसं देतं ते बघावं लागतं.

मत देणारे म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचे मेंबर, सुमारे दहा हजार लोक, सगळे सिनेमातच काम करणारे. नॉमिनेशन आपापल्या शाखेतून होतं, म्हणजे एडिटर एडिटरला निवडतात, कॅमेरावाले कॅमेरावाल्यांना, पण फायनलला सगळे जण सगळ्या कॅटेगरीत मत देऊ शकतात. गोल्डन ग्लोबला मत देणारे पत्रकार आहेत, त्यांचा अकॅडमीशी काही संबंध नाही. ग्लोबमुळे एखाद्याची हवा होते हे खरं, पण अंदाजासाठी बघायचं ते गिल्डचे, म्हणजे त्या-त्या कामाच्या लोकांच्या संघटनांचे, अवॉर्ड: प्रोड्युसरांचा पीजीए, डायरेक्टरांचा डीजीए, अभिनेत्यांचा एसएजी (२०२६ पासून त्याचं नाव अॅक्टर अवॉर्ड), आणि सोबत ब्रिटनचा बाफ्टा. कारण इथे मत देणारे बरेच लोक अकॅडमीतही मत देतात. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांचा असा अंदाज लावायच्या भानगडीत पडूच नका, तिथे छोटी ज्युरी बंद खोलीत ठरवते, आधी कुठलाच सुगावा लागत नाही.

मग एक शीट बनवा. आडव्या ओळीत कॅटेगरी, उभ्या कॉलममध्ये हे अवॉर्ड, निकाल लागेल तसं भरत जा. झालं.

सोप्या कॅटेगरी पटकन सांगते. इंटरनॅशनल फिल्ममध्ये एखादा सिनेमा बेस्ट पिक्चरलाही नॉमिनेट असेल तर डोळे झाकून तोच घ्या, रोमा, पॅरासाइट, ड्राइव्ह माय कार, द झोन ऑफ इंटरेस्ट, सगळे असेच आले. मेकअपमध्ये नट ओळखू येत नाही इतका बदललेला असेल ते घ्या. कॉस्च्युममध्ये जुना काळ किंवा काल्पनिक दुनिया.

अभिनयाच्या चार कॅटेगरीत एसएजी आणि बाफ्टा एकाच माणसाला मिळाले तर विचार करत बसू नका. दोन वेगळ्या लोकांना मिळाले की लोक गोंधळतात. ग्लेन क्लोज ग्लोब आणि एसएजी दोन्ही जिंकून बसली होती, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला, २०१९ चं ऑस्कर कोलमनला. २०२१ ला चॅडविक बोसमनकडे ग्लोब आणि एसएजी, बाफ्टा अँथनी हॉपकिन्सला, ऑस्कर हॉपकिन्सला. २०२५ ला डेमी मूरकडे ग्लोब आणि एसएजी, बाफ्टा मायकी मॅडिसनला, ऑस्कर मॅडिसनला. हे पाहून लोक म्हणतात बाफ्टावरच भरोसा ठेवा. नका ठेवू. २०२३ ला बाफ्टा केट ब्लँचेटला होता आणि ऑस्कर मिशेल योला मिळालं, जिला एसएजी होता. खरी गोष्ट अशी की अकॅडमीला तो अख्खा सिनेमा किती आवडला आहे ते बघायचं. ग्लेन क्लोजच्या सिनेमाला तिच्याशिवाय एकही नॉमिनेशन नव्हतं, कोलमनच्या सिनेमाला दहा होते. बोसमनचा सिनेमा बेस्ट पिक्चरमध्ये नव्हता, हॉपकिन्सचा होता. मिशेल यो आणि मॅडिसन यांचे सिनेमे तर त्या-त्या वर्षी बेस्ट पिक्चरच जिंकले. अपवाद असतातच, ब्रेंडन फ्रेझरचा सिनेमा बेस्ट पिक्चरमध्ये नसूनही २०२३ ला तो जिंकला, पण दहापैकी एखाद्या अपवादासाठी पद्धत सोडायची नसते.

आता बेस्ट पिक्चर. इथेच सगळे आपटतात, आणि मलाही हे प्रकरण डोक्यात बसायला खूप वेळ लागला, म्हणून नीट वाचा.

बाकी सगळ्या कॅटेगरीत एक माणूस एक मत, ज्याला जास्त मतं तो जिंकला. बेस्ट पिक्चरमध्ये तसं नाही. २००९ च्या सिनेमांपासून तिथे पसंतीक्रम लावायचा असतो, पहिला, दुसरा, तिसरा, असे दहा नंबरपर्यंत. कोणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर सगळ्यात कमी मतंवाला सिनेमा बाहेर जातो आणि त्याच्या बॅलटवर पुढचा जो नंबर असेल त्याला ती मतं मिळतात. असं कोणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत चालतं.

हे कागदावर वाचून कळत नाही, म्हणून मी ग्रुपमधल्या नवीन लोकांना एक हिशोब करून दाखवते. समजा ऑफिसचे दहा जण जेवायला निघाले. चौघांची पहिली पसंती सावजी, तिघांची साउथ इंडियन, दोघांची पंजाबी ढाबा, एकाची चायनीज. साधं मतदान घेतलं तर सावजी जिंकलं. पण बाकी सहा जणांनी सावजी सगळ्यात शेवटी टाकलं आहे, कोणी शाकाहारी, कोणाला तिखट झेपत नाही. आता चायनीज बाहेर, त्याची दुसरी पसंती साउथ इंडियन, दोघं चार-चारवर आले. मग ढाबा बाहेर, त्या दोघांची पण दुसरी पसंती साउथ इंडियन. सहा विरुद्ध चार. सावजीला सुरुवातीला सगळ्यात जास्त मतं होती आणि तेच हरलं, कारण ज्यांची पहिली पसंती ते नव्हतं त्यांच्यापैकी एकालाही ते नको होतं.

बेस्ट पिक्चरला हेच होतं. म्हणून "सगळ्यात जास्त लोकांचा फेव्हरेट कोणता" हा प्रश्न चुकीचा आहे, "सगळ्यात कमी लोक कोणत्यावर चिडतील" हा बरोबर आहे. अकॅडमी मतांचे आकडे कधीच सांगत नाही, त्यामुळे आतला हिशोब आपल्याला दिसत नाही, पण निकाल बघा ना. द रेव्हनंटला बारा नॉमिनेशन, जिंकला स्पॉटलाइट. ला ला लँडला चौदा, जिंकला मूनलाइट. द पॉवर ऑफ द डॉगला बारा, जिंकला कोडा, ज्याला फक्त तीन होते आणि तिन्ही घेऊन गेला. एमिलिया पेरेझला तेरा, जिंकला अनोरा. जास्त नॉमिनेशनवाले जिंकतही असतात, ओपनहायमरला तेरा होते आणि तो जिंकला, पण नुसते नॉमिनेशन मोजून टिक करायची सवय आजच सोडा.

मग करायचं काय? मी दहाही सिनेमे लिहून प्रत्येकापुढे तीन गोष्टी भरते: पहिल्या नंबरवर कोण ठेवेल, दुसऱ्या-तिसऱ्यावर कोण ठेवेल, आणि शेवटच्या तीनमध्ये कोण ढकलेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक भरत नाहीत. ज्याच्याबद्दल अर्धे लोक जीव टाकतात आणि अर्धे "हे काय होतं" म्हणतात तो धोक्यात. ज्याबद्दल सगळे "छान आहे" म्हणतात पण भांडायला कोणी जात नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि मग पीजीए बघा, कारण प्रोड्युसर लोकही अशाच पसंतीक्रमाने निवडतात. २०१० पासून २०२५ पर्यंत पीजीए आणि ऑस्कर फक्त तीनदा वेगळे झाले, २०१६, २०१७ आणि २०२०. पीजीएच्या विरोधात जायचं असेल तर तुमच्याकडे मजबूत कारण पाहिजे, "मला वाटून राहिलं" हे कारण नाही.

डायरेक्टरला साधं एक मत असतं, म्हणून पिक्चर आणि डायरेक्टर वेगळ्या सिनेमाला जाऊ शकतात. २०१९ ला पिक्चर ग्रीन बुक आणि डायरेक्टर अल्फोन्सो क्वारोन रोमासाठी, २०२२ ला पिक्चर कोडा आणि डायरेक्टर जेन कॅम्पियन द पॉवर ऑफ द डॉगसाठी. पण उगाच वेगळं करायचं म्हणून करू नका, २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं दोन्ही एकाच सिनेमाला गेले.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही: मतदान कधी बंद होतं ती तारीख शोधा. २०२५ ला मतदान १८ फेब्रुवारीला संपलं आणि एसएजीचा कार्यक्रम २३ ला झाला, म्हणजे एसएजीच्या स्टेजवर कोण किती छान बोललं याने ऑस्करचं एकही मत हललं नाही. बाफ्टा मात्र १६ ला होता, मतदान चालू असताना. कोडाला पीजीए मिळाला तेव्हाही मतदान चालूच होतं. मतदान बंद झाल्यावर जो गाजावाजा होतो, मुलाखती, वाद, व्हायरल रील, त्यावरून शीटमधलं काही बदलू नका. माझा यावर ठाम आग्रह आहे, दरवर्षी चांगले अंदाज शेवटच्या आठवड्यात बदलून लोक वाट लावतात.

भारताचं नाव असलं की विशेष सांभाळा. नाटू नाटूला ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस दोन्ही होते, तो टिक करायला आधार होता. पण त्याच वर्षी आपली डॉक्युमेंट्री ऑल दॅट ब्रीद्स नवाल्नीसमोर हरली, आणि २०२५ ला अनुजा ही शॉर्ट फिल्मही हरली. मनापासून प्रार्थना करा, मीही करते, पण शीट पुराव्यावर भरा.

शॉर्ट फिल्मच्या तिन्ही कॅटेगरीत गिल्ड नाही, म्हणून आधार कमी. बहुतेक ऑनलाइन मिळतात, त्या खरंच बघा, बाकी कुठे नाही पण इथे बघण्याचा उपयोग होतो. २०२५ च्या सिनेमांपासून नियम आला आहे की ज्या कॅटेगरीत मत द्यायचं तिथले सगळे नॉमिनी मेंबरने बघितलेले पाहिजेत, त्यामुळे नुसतं ओळखीचं नाव बघून टिक मारणं आता चालत नाही.

टीव्हीच्या एमीसाठी वेगळं डोकं लावा, तिथे लाट आली की सगळं घेऊन जाते. शिट्स क्रीकने २०२० ला कॉमेडीचे सातही मुख्य अवॉर्ड नेले, शोगनने २०२४ ला अठरा. एखादी सिरीज पुढे दिसत असेल तर तिच्या छोट्या कॅटेगरीही तिलाच द्या.

कार्यक्रम आपल्याकडे सोमवारी पहाटे असतो, म्हणून रविवारी रात्री दहाला शीट लॉक करा आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. बरोबरी झाली तर ज्याचं बेस्ट पिक्चर बरोबर त्याला पुढे ठेवा, दोघांचंही बरोबर असेल तर ज्याच्या शॉर्ट फिल्म जास्त बरोबर तो पुढे. हा नियम आधीच लिहून टाका, निकाल लागल्यावर ठरवायला बसलं की भांडणं होतात.