घरात टाइप १ डायबिटीस असलेलं मूल आहे? या चुका टाळा

माझ्या लेकीला टाइप १ डायबिटीस असल्याचं कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता पंधराची आहे. या नऊ वर्षांत नुकतंच निदान झालेल्या मुलांचे आईबाबा सतत भेटत राहिले, कुणी दवाखान्याच्या बाकावर, कुणी रात्री उशिरा फोनवर. घरं वेगळी, पण चुका त्याच. आम्हीही त्याच केल्या होत्या. तेच तेच पुन्हा ऐकताना जीव तुटतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

पहिली चूक म्हणजे दोषी शोधत बसणं. हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते, इन्सुलिन तयार होणं थांबतं आणि मग ते रोज बाहेरून द्यावं लागतं. कुणाच्या लाडामुळे हे झालेलं नाही. "तुमच्याकडे कुणाला होतं का?" हा प्रश्न नवराबायकोने एकमेकांना विचारायला सुरुवात केली की पुढचे सहा महिने भांडणात जातात, आणि नेमके तेच सहा महिने शिकण्याचे असतात.

सगळं एकट्या आईला माहीत असणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण याची किंमत आम्ही मोजता मोजता वाचलो.

निदानाला दोन वर्षं झाली होती. डोस, स्ट्रिप, सुया, खाण्याचा अंदाज, शाळेच्या डब्यातली चिठ्ठी, सगळं माझ्या डोक्यात होतं. नवरा मदत करायला यायचा तेव्हा मी म्हणायचे, "राहू दे, मी पटकन देते." खरंच पटकन व्हायचं, त्यामुळे ते बरोबरच वाटायचं.

मग एकदा मला सणसणून ताप आला. रात्रीचं इन्सुलिन द्यायची वेळ झाली आणि मला उठवेना. नवरा म्हणाला, "तू झोप, मी देतो." आमच्याकडे इन्सुलिनची दोन पेन होती. एक रात्रीचं, दिवसभर हळूहळू काम करणारं. दुसरं जेवणाआधीचं, झटपट काम करणारं. दोन्ही एकाच डब्यात, शेजारी शेजारी. त्याने नवी सुई लावली, दोन युनिट हवेत सोडून पाहिले, नऊवर आकडा फिरवला, पोटावर चिमटीत कातडी धरली, टोचलं आणि मोठ्याने दहापर्यंत मोजून सुई बाहेर काढली. सगळं अगदी बरोबर केलं. फक्त पेन चुकलं.

मला तापातही काय सुचलं देव जाणे. तो दाराशी येऊन म्हणाला, "दिलं गं, नऊ." मी विचारलं, "राखाडी ना?" तो एक क्षण गप्प झाला आणि म्हणाला, "निळं होतं."

झटपट इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते अंगात राहतं. आठ वर्षांच्या मुलीला आम्ही जेवणाआधी त्याचे दोन-अडीच युनिट द्यायचो. तिला नऊ गेले होते, तेही जेवण होऊन गेल्यावर. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं की साखरेचं पाणी पाजत लगेच निघा. रात्रभर दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन चालू होती आणि दर पंधरा मिनिटांनी बोट टोचणं. एकदा आकडा ५४ वर गेला. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती मला सारखी विचारत होती, "आई, बाबांना रागावली नाहीस ना?" पहाटे आकडे स्थिरावले.

नवऱ्याच्या हातून चूक झाली हे खरं, पण ती तयार केली मी. दोन वर्षांत त्याने ती पेन किती वेळा हातात धरली होती? पाच-सहा वेळा असतील.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगते. कुठल्या पुस्तकातली पद्धत नाही ही, आमच्या घराची सवय आहे. निळं पेन स्वयंपाकघरात असतं आणि राखाडी पेन झोपायच्या खोलीत. दोन्ही एका जागी येतच नाहीत. राखाडी पेनला जाड चिकटपट्टीचं कडं गुंडाळलंय, म्हणजे अंधारातही बोटाला कळतं. जो इन्सुलिन देतो तो आधी मोठ्याने रंग आणि युनिट बोलतो आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने "ऐकलं" म्हटल्याशिवाय टोचत नाही. रविवारचा पूर्ण दिवस बाबांचा. त्या दिवशी मी एक शब्द बोलत नाही. पहिल्या काही रविवारी त्यांचा खाण्याचा अंदाज चुकायचा, दुपारी शुगर चढायची, आणि मी दुसऱ्या खोलीत हात बांधून बसायचे. बोललं की समोरचा माणूस शिकत नाही, विचारत राहतो.

कुणी मला म्हणतं, "आज दुपारी सासूबाईंना दाखवून टाकते सगळं." असं दाखवून टाकता येत नाही हो. बघून कुणी शिकत नाही. त्यांच्या हाताने तुमच्यासमोर दहा वेळा होऊ दे, मग त्यांच्यावर सोडून बाहेर जा. आईबाबांशिवाय निदान एका तरी माणसाला हे सगळं यायला हवं. आणि शुगर इतकी खाली गेली की मूल बेशुद्ध पडलं, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (शुगर झटपट वाढवणारं औषध) द्यायचं आणि मदत बोलवायची, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

आकड्याला मार्क समजणं

लेक अकरा वर्षांची असताना स्वतःची शुगर तपासून वहीत लिहायला लागली. वही बघून मला फार बरं वाटायचं. ११०, १२८, ११७, १३४. सुंदर अक्षरात, एकाखाली एक. मी भेटेल त्याला सांगत होते की पोरगी किती जबाबदार झाली.

तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासलं तर ९.६ आलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते ती या तपासणीत दिसते. ९.६ म्हणजे सरासरी शुगर २३० च्या आसपास. वहीत तर १५० च्या वर एकही आकडा नव्हता. डॉक्टरांनी मीटर हातात घेतलं आणि त्यातले साठवलेले आकडे बघायला सुरुवात केली. वहीतला एकही आकडा त्यात नव्हता. काही दिवस तर तपासणीच झालेली नव्हती. लेक खाली मान घालून बुटाच्या नाडीशी खेळत होती.

डॉक्टर तिला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शुगर जास्त आली की घरी काय होतं?"

काय व्हायचं? ती शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आत मी विचारायचे, "किती आली?" कमी-जास्त असली की माझा चेहरा उतरायचा, मग "काय खाल्लंस?" सुरू व्हायचं. रोज तिची उलटतपासणी घेत होते मी. तिने माझा चेहरा सांभाळायला आकडे लिहिले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात शुगर "चांगली" किंवा "वाईट" नसते. ती जास्त असते किंवा कमी. घरी आल्यावर आधी शाळेत काय झालं ते विचारायचं, आकडा नंतर. आणि ३१० आला तरी "तपासलंस ते बरं झालं, आता दुरुस्त करू" एवढंच. तोंडदेखलं म्हणून चालत नाही, मुलांना लगेच कळतं. मला ते खरं वाटायला वर्ष लागलं. सर्दी, परीक्षेचा ताण, वयात येतानाचे बदल, या सगळ्यांनी शुगर चढते. प्रत्येक ३०० मागे चोरून खाल्लेलं काही नसतं.

घाईतून होणाऱ्या चुका

नवीन आईबाबांची घाई मला समजते, पण तिचं कौतुक करवत नाही. शुगर ७० च्या खाली गेली की झटपट विरघळणारी साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. मोठ्यांना १५ ग्रॅम, लहान मुलांना वजनाप्रमाणे कमी. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. ही पंधरा मिनिटं कुणाला धीर धरवत नाही. पाचव्या मिनिटाला आणखी एक चमचा, सातव्याला आणखी, आणि तासाभराने शुगर ३५० होऊन दुसरी धावपळ सुरू. घड्याळ लावा आणि मुलाजवळ बसा. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धपदार्थामुळे साखर उशिरा चढते.

दुसरी घाई "बरा झाला" म्हणायची. निदानानंतर काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची गरज बरीच कमी होते, कारण उरलेल्या बीटा पेशी थोडं काम करतात. नेमकं याच काळात कुणीतरी काढा, चूर्ण, नाहीतर आणखी काही सुचवतं आणि श्रेय त्याला जातं. मग इन्सुलिन बंद करायचा मोह होतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं वाचत नसत. त्यावर मला आणखी काही बोलायचं नाही. इन्सुलिन बंद करू नका.

मूल आजारी आहे, उलट्या होतायत, काही खात नाही, म्हणून इन्सुलिन अजिबात न देणं ही तितकीच भयंकर चूक आहे. आजारपणात पोट रिकामं असलं तरी शरीराला इन्सुलिन लागतंच, उलट बरेचदा जास्त लागतं. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे घातक पदार्थ) तपासा, डॉक्टरांना फोन करा, डोस त्यांच्याशी बोलून ठरवा.

सतत शुगर दाखवणारा सेन्सर अंगावर लावला की सुटलो, असंही नाही. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. मूल थरथरतंय आणि सेन्सर ११० दाखवतोय, तर बोट टोचा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही. एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं. आणि रोज त्याच जागी टोचू नका, तिथे गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

दुसऱ्या भावंडाला "समजूतदार" म्हणून सोडून देणं

लेक लहान होती तेव्हा आमचा मोठा मुलगा दहा वर्षांचा होता. सगळे त्याला म्हणायचे, किती शहाणा आहे, काही मागत नाही. एकदा अंथरूण आवरताना उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग दिसले. त्याचा कान चार दिवस वाहत होता. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दोघं रात्री जागता ना." मी ती उशी हातात घेऊन तिथेच खाली बसले.

तेव्हापासून दर आठवड्याला एक संध्याकाळ त्याची. फोन दुसऱ्याच्या हातात, शुगरचा विषय काढायचा नाही. कधी नुसते चालत जाऊन परत यायचो. आणि बहिणीवर लक्ष ठेवायचं काम त्याच्यावर टाकणं आम्ही बंद केलं. त्याला ते काम आवडतं म्हणून सांगणारे पालक भेटतात. आवडत असेलही, पण दहा वर्षांच्या मुलाने रात्री उठून बहिणीचा श्वास ऐकावा, हे बरोबर नाही.

मोठं झालं म्हणून एका दिवसात सगळं सोपवणं

"आता बारावं लागलं, तुझं तू बघ" असं म्हणून हात काढून घेतलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यातली मुलं काही महिन्यांतच दवाखान्यात भरती झालेलीही. टोचता येणं वेगळं आणि रोज, न कंटाळता, आठवणीने टोचणं वेगळं. एकेक काम द्या, आणि दिलेल्या कामाच्या आसपास राहा.

माझी लेक आता सगळं स्वतः करते. रात्री तिच्या खोलीतून अजून आवाज येतो, "राखाडी, बावीस!" आणि घरात जो कुणी जागा असेल तो जिथे असेल तिथून ओरडतो, "ऐकलं!" परवा मोठा सुट्टीला आला होता, त्याने झोपेतच उत्तर दिलं.