करंजी जमते ना, मग पाय पण जमेल

आधीच सांगते, हा पाय म्हणजे पाया सूपवाला नाही, बेक केलेला पाय. पाय, टार्ट आणि कीश ही तीन वेगळी प्रकरणं वाटतात पण तिन्हीचा जीव खालच्या पारीत असतो, ती जमली की आत काय घालायचं ते फ्रिज उघडून ठरवा. वर झाकण असेल तर बहुतेक वेळा पाय, उघडं ठेवलं तर टार्ट, आणि उघड्या पारीत अंडं-दुधाचं मिश्रण ओतून भाजलं की कीश. कीश फ्रान्सच्या लोरेन भागातला, पण शब्द जर्मन 'कुखन'वरून, म्हणजे केकवरून आलाय असं मानतात.

आता पारी. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, ३-४ टेबलस्पून बर्फाचं पाणी, बस. ८ इंची टिनला पुरून थोडं उरतं. अमूलचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं त्यामुळे मीठ घालू नका, गोड टार्ट असेल तर बिनमिठाचं घ्या. आपण करंजीला मोहन कसं घालतो, कडकडीत गरम करून, आणि मुठीत दाबून मुटका वळतोय का बघतो. इथे मुटका तसाच बघायचा पण मोहन थंडगार, हीच एक सवय मोडायला मला दोन महिने लागले. फ्रिजमधून काढलेल्या बटरचे छोटे तुकडे मैद्यात टाकून फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहात लावायचा नाही कारण तो गरम असतो, जाडसर रव्यासारखं झालं की थांबायचं. मधेमधे वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर उत्तमच, ते ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पापुद्रा सुटतो. मग पाणी चमच्याचमच्याने, गोळा जेमतेम धरेल इतकंच, आणि पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं अजिबात नाही. तिंबलं की चिवट होतं आणि भाजताना आक्रसून टिनच्या कडेवरून खाली घसरतं. गोळा चपटा करून झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये.

पुण्यातला एप्रिल-मे हा या कामाचा शत्रू आहे. माझ्या पहिल्या पारीचा दुपारी दोन वाजता ओट्यावर अक्षरशः चिखल झाला होता. आता उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत लाटते, त्याआधी ओट्याच्या ग्रॅनाइटवर दहा मिनिटं बर्फाचा ट्रे ठेवते आणि मग तो भाग कोरडा पुसून घेते. दुधाची पिशवी कापून धुऊन दोन प्लॅस्टिकच्या मध्ये लाटायचं, म्हणजे वरून मैदाही लागत नाही. आणि गुरुवारी बेकिंगचा घाट घालू नका, पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीच्या कामासाठी लाईट कधी जाईल सांगता येत नाही, अर्धवट भाजलेल्या कीशसारखी केविलवाणी गोष्ट नाही.

टिन शक्यतो तळ सुटा निघणारा घ्या, रविवार पेठेत बोहरी आळीत बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे बघा. पारी टिनमध्ये बसवून काट्याने टोचायची, वर बटर पेपर आणि त्यावर राजमा भरायचा, म्हणजे फुगत नाही. १९० डिग्रीवर १५ मिनिटं, मग पेपर-राजमा काढून अजून ७-८ मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. हा राजमा नंतर शिजत नाही हां, बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे सासूबाईंनी तो उसळीला भिजत घातला आणि सहा शिट्ट्या झाल्यावर मला हाक मारली.

कीशला ३ अंडी, १५० मिली दूध, १५० मिली क्रीम, मिरपूड आणि किसलेलं चीज. पालक घालणार असाल तर परतून घट्ट पिळा, मशरूमचं पाणी पूर्ण आटवा, नाहीतर तळ ओलाचिंब. गरम पारीला आतून थोडं फेटलेलं अंडं फासलं की बारीक भोकं बुजतात, त्यानंतर मिश्रण ओता. १७० डिग्रीवर ३०-३५ मिनिटं. कडा घट्ट झाल्या आणि मधला भाग जेलीसारखा थरथरतोय एवढ्यावर काढायचं, बाकीचं बाहेर आपोआप सेट होतं, आणि निदान वीस मिनिटं सुरी लावू नका. अंडं न खाणाऱ्यांसाठी बेसन आणि दह्याचं करतात, मी पण केलंय, चांगलं लागतं पण ते पारीत भरलेलं पिठलं आहे हे आपल्याला कळतं.

पायसाठी पारीचं माप दुप्पट करा, खाली एक वर एक. मटार-बटाटा, सुकं चिकन काहीही चालतं, फक्त सारण पूर्ण गार हवं नाहीतर बटर ओव्हनच्या आधीच वितळतं. करंजीची मुरड येत असेल तर कडेला तीच घाला, काट्याच्या नक्षीपेक्षा कितीतरी देखणी दिसते, आणि वर वाफेसाठी दोन-तीन चिरा. टिन ओव्हनसोबत तापलेल्या ट्रेवर, खालच्या कप्प्यात ठेवायचा म्हणजे बूड नीट भाजतं. १९० डिग्री, साधारण ४० मिनिटं. सफरचंदाचा करायचा तर फोडी साखर-दालचिनी-लिंबू घालून आधी थोड्या शिजवून गार करा, एक चमचा कॉर्नफ्लोअर पण, सफरचंद पाणी फार सोडतं.

गोड टार्टमध्ये माझा हुकमी म्हणजे चक्क्याचा. पूर्ण भाजलेली गार पारी, त्यात २५० ग्रॅम चक्का, ८० ग्रॅम पिठीसाखर आणि १०० मिली फेटलेलं क्रीम, वर डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, नंतर हापूस. जेवायला बसायच्या आधी भरा, सकाळी भरून ठेवलं तर रात्री पारी मऊ पडते. अगदीच कंटाळा असेल तर कॅम्पातली श्रुसबेरी बिस्किटं कुटून, थोडं वितळलेलं बटर घालून टिनमध्ये दाबा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा, ओव्हनच नको. थोडंच म्हणतेय कारण त्या बिस्किटांत मुळातच भरपूर बटर असतं.

पारीचा गोळा फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो. कापून उरलेल्या कडा मात्र परत मळून मोठी पारी लाटू नका, चिवट होते. त्यांच्या शंकरपाळ्या कापा, अर्ध्यांवर साखर अर्ध्यांवर जिरं, १२ मिनिटं भाजा. आमच्याकडे मुख्य पाय ओव्हनमधून यायच्या आत त्या संपलेल्या असतात.