रिव्ह्यू कॉपीवर टाइमकोड कसा टाकायचा

एडिट झालेला व्हिडिओ डायरेक्टरला, म्युझिकवाल्याला, क्लायंटला, कुणालाही बघायला पाठवायचा असेल तर त्यावर टाइमकोड टाकूनच पाठवा. प्लेअरच्या घड्याळात नुसती मिनिटं-सेकंद दिसतात आणि २५ एफपीएसच्या व्हिडिओत एका सेकंदात २५ फ्रेम असतात, मग कुणी म्हणालं की २:१४ ला कट लवकर होतोय तर बसा शोधत नेमका कुठला ते. टाइमकोडमध्ये तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम नंबर असतो, त्यामुळे वादच राहत नाही.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वर्कस्पेस मेन्यूत डेटा बर्न-इन उघडायचं आणि रेकॉर्ड टाइमकोडवर टिक करायची, झालं. हा टाइमलाइनचा, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओचा वेळ, करेक्शन मागवायला हाच लागतो. सोर्स टाइमकोड वेगळा, तो कॅमेऱ्यातल्या मूळ क्लिपचा असतो आणि प्रत्येक कटला उडी मारतो, बघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही पण व्हीएफएक्सवाल्यांना (व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्यांना) मूळ शॉट शोधायला तोच पाहिजे, सोबत क्लिपचं नाव पण द्या. प्रीमिअर वापरत असाल तर एक्स्पोर्ट करतानाच इफेक्ट्समध्ये टाइमकोड ओव्हरले मिळेल.

जागा नीट निवडा. खाली सबटायटल किंवा नावाची पट्टी येणार असेल तर आकडे वर घ्या, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी ठेवा, नाहीतर पांढऱ्या आकाशावर काहीच वाचता येत नाही. कुणाच्या चेहऱ्यावर तर अजिबात नको, अभिनय बघायचा असतो लोकांना.

२९.९७ एफपीएस असेल तर ड्रॉप फ्रेम की नॉन-ड्रॉप हे साउंडवाल्याशी आधीच बोलून घ्या. ड्रॉप फ्रेममध्ये चित्रं गळत नाहीत, टाइमकोड खऱ्या वेळेशी जुळावा म्हणून फक्त दर मिनिटाला दोन फ्रेम नंबर वगळले जातात, दर दहाव्या मिनिटाला मात्र नाही. नॉन-ड्रॉपमध्ये नंबर वगळत नाहीत, म्हणून तासाभरात खऱ्या वेळेपेक्षा ३.६ सेकंदांचा फरक पडतो, एकाने हे आणि दुसऱ्याने ते धरलं की दोघांचे आकडे जुळतच नाहीत.

आणि डेटा बर्न-इनमधल्या कस्टम टेक्स्टमध्ये व्हर्जन नंबर लिहाच, कारण एडिट बदललं की जुन्या कॉपीवरचे करेक्शन नव्या टाइमलाइनवर चुकीच्या जागी जातात. फायनल रेंडरच्या वेळी रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पेजवर डेटा बर्न-इन ‘None’ करा, म्हणजे आकडे उमटणार नाहीत, मग फाइल एकदा पूर्ण बघून घ्या.