सिम्युलेटरवर डाकोटा कसं उडवायचं: मुंबई ते नागपूर, रात्रीच्या टपालाच्या वेळेला

घरच्या सिम्युलेटरवर बहुतेक जण सुरुवात ए३२० नाहीतर ७३७ ने करतात, रूट टाकला, ऑटोपायलट लावला, गुलाबी रेघ विमानाला घेऊन जाते आणि आपण मोबाईल बघत बसतो. मग महिन्याभरात कंटाळा येतो. माझं ठाम मत आहे की ज्याला विमान खरंच हाताने उडवायचंय त्याने जुन्या एअरलायनरकडे वळावं, आणि तेही थेट जंबोकडे नाही, डीसी-३ कडे. म्हणजे आपलं डाकोटा. १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान, दोन इंजिनं, शेपटीखाली चाक, आणि कॉकपिटमधला प्रत्येक दांडा कशाचा आहे ते एका संध्याकाळी समजतं. पण समजणं वेगळं आणि जमणं वेगळं, गंमत तिथेच आहे.

सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० असेल तर नोव्हेंबर २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या अपडेटमध्ये डीसी-३ फुकट आलंय, त्यात जुन्या घड्याळांचं कॉकपिट आणि नव्या स्क्रीनचं अशी दोन्ही रूपं आहेत, जुनंच घ्या. एक्स-प्लेन वाल्यांसाठी व्हीस्कायलॅब्सचं डीसी-३ आहे, ते विकत घ्यावं लागतं. पीसी जुना असेल तर फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे आणि त्यातही डीसी-३ मिळतं. जॉयस्टिक पाहिजेच, रडर पेडल (शेपटीचं सुकाणू फिरवणारी पायातली पेडलं) नसतील तर निदान पिळता येणारी जॉयस्टिक घ्या. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रडर आणि टेकऑफ-लँडिंगच्या सगळ्या मदती बंद करा.

आता रूट. कुठूनही कुठेही उडालात तर चार दिवसांत उत्साह संपतो, म्हणून खरा इतिहास असलेला रूट पकडा. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. देशाचा मध्य नागपूर, म्हणून हे जमलं. चारही टप्प्यांत मुंबईचा सगळ्यात छोटा, साधारण ३७० नॉटिकल मैल, त्यामुळे शिकायला एकदम योग्य.

कागद काढा आणि गणित मांडा, कारण जीपीएस आपण वापरणार नाहीये. मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली तर ती जवळजवळ संभाजीनगरवरून जाते, तेव्हाचं औरंगाबाद. पहिला टप्पा साधारण १४८ मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल), दुसरा २२०, आणि दोन्हींची दिशा ७१ अंशांच्या आसपास. चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला, आपल्या भागात जवळपास शून्य आहे, तेवढी एक कटकट वाचली. डाकोटाचा वेग १४५ नॉट (ताशी नॉटिकल मैल) धरा, म्हणजे संभाजीनगर एका तासात आणि नागपूर अडीच तासांत. सिममध्ये रात्रीचे साडेनऊ लावा म्हणजे बाराला पोचाल. पहिल्या वेळी आकाश स्वच्छ, वारा शून्य.

इंजिन सुरू करताना कंट्रोल-ई (सगळं आपोआप सुरू करणारी बटणं) दाबायचं नाही. मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) आयडल कटऑफला, म्हणजे इंधन बंद, थ्रॉटल किंचित पुढे, प्रॉपेलरचे दांडे पूर्ण पुढे, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) उघडे, बूस्टर पंप लावून फ्युएल प्रेशर आलं का बघा, थोडं प्राइम करा, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच थोडं इंधन सोडा, आणि स्टार्टर द्या. इंजिन लगेच पेटवायचं नाही, खिडकीतून बघत पाती मोजा, पंख्याचे तीन-चार पूर्ण फेरे झाले की मॅग्नेटो (सिलिंडरला ठिणगी देणारी यंत्रणा) ऑन करा. आधी एखाद-दुसरा सिलिंडर खोकतो, पांढरट धूर निघतो, विमान हलतं, मग चौदाही सिलिंडर सुरात येतात, त्याच क्षणी मिक्स्चर ऑटो रिचला (जास्त इंधन). डोळे ऑइल प्रेशरवर, काटा अर्ध्या मिनिटात उठला नाही तर बंद करा. मग हजार आरपीएमवर ठेवून वाट बघायची, ऑइल ४० डिग्रीच्या वर जाईपर्यंत. ही वाट बघणं टाळू नका प्लीज, थंड इंजिनला ताकद दिली की चांगल्या ॲडऑनमध्ये (सिमसाठी वेगळं घेतलेल्या विमानात) ते खरोखर खराब होतं. नंतर एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती पडतो बघा, शंभरापर्यंत चालतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी जेटवरून आलेल्यांना माहीतच नसते. थ्रॉटल आणि प्रॉपेलर हे दोन वेगळे दांडे आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. ताकद वाढवताना आधी आरपीएम (प्रॉपेलरच्या दांड्याने), मग मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब (थ्रॉटलने). कमी करताना उलट, आधी मॅनिफोल्ड प्रेशर, मग आरपीएम. आरपीएम कमी आणि प्रेशर जास्त अशी अवस्था झाली की सिलिंडरवर भयंकर ताण येतो. हे एवढं हाताला बसलं की डीसी-६, कॉन्स्टलेशन असं दुसरं जुनं पंख्यांचं विमान काहीही घ्या, नियम तोच.

मुंबईची ०९ धावपट्टी घ्या म्हणजे तोंड आधीच पूर्वेला. सरळ उभं राहून टेलव्हील लॉक करा, मिक्स्चर ऑटो रिच, इंधन मुख्य (मेन) टाक्यांवर. थ्रॉटल हळूहळू पुढे, मॅनिफोल्ड प्रेशर ४८ इंचांपर्यंत (ते इंचांत मोजतात), आरपीएम २७००. विमान डावीकडे ओढतं, उजवा पाय लागतो, पण एकदाच जोरात नाही, छोटे छोटे ठोके द्या आणि ठोका देऊन लगेच काढा. पन्नास नॉटच्या आसपास शेपूट उचलू द्या, ८४-८५ ला हलकं ओढा. चाकं वर, मग ४२ इंच आणि २५५०, थोडी उंची आली की ३६ आणि २३५०, वेग १०५ नॉट. काही कॉकपिटमध्ये वेगाचं घड्याळ नॉटऐवजी ताशी साध्या मैलांत असतं, ते निघायच्या आधीच बघून ठेवा.

उंची ७००० फूट. घाट लागायच्या आत ती गाठली पाहिजे, कारण ही रेघ हरिश्चंद्रगडाच्या बाजूने जाते, गड साधारण ४७०० फुटांचा, आणि त्याच्या उत्तरेला कळसूबाई ५४०० फूट. अंधारात डोंगर दिसत नाहीत, घड्याळ आणि उंचीमापक हेच खरे. वर पोचल्यावर २९ इंच, २०५०, मिक्स्चर ऑटो लीन (कमी इंधन), काउल फ्लॅप बंद.

आणि आता खरी मजा. निघाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवली असेलच, हेडिंग ७१ धरा. जायरो (फिरत्या भिंगरीवर चालणारं दिशेचं घड्याळ) हळूहळू सरकतो म्हणून दर १५ मिनिटांनी चुंबकीय होकायंत्राशी जुळवा, तेही विमान सरळ आणि स्थिर असतानाच. जुन्या स्पेरी ऑटोपायलटवर विसंबून राहू नका, तो नुसतं विमान सरळ धरून ठेवतो, कुठे जायचं ते तुम्हीच बघायचं. सिममध्ये आजचे दिवे दिसतात, १९४९ मध्ये इतके नव्हते, पण शिकताना उपयोग होतो. शिर्डी डावीकडे दहाएक मैलांवर दिसली पाहिजे, मग संभाजीनगर खाली, नंतर जालना उजवीकडे.

समजा तासाभराने संभाजीनगर खाली नसून पाच मैल डावीकडे दिसलं. म्हणजे तुम्ही उजवीकडे वाहवलात. ६० मैलांत एक मैल चुकला तर एक अंश, हा जुना नियम. १४८ मैलांत पाच म्हणजे दोन अंश. तेवढे दोन अंश डावीकडे घेतले की विमान मूळ रेघेला समांतर चालतं, आणि उरलेल्या २२० मैलांत ते पाच मैल भरून काढायला अजून एक-दीड अंश. म्हणजे ६७-६८ वर या. मनातल्या मनात होतं हे. पुढे अकोला, अमरावती डावीकडे लांब, वर्धा उजवीकडे, आणि नागपूरचे दिवे समोरून वर येताना दिसले ना, की तुम्हाला त्या रात्री झोप येणार नाही, लिहून ठेवा. अगदीच हरवलात तर नागपूरचा व्हीओआर (दिशा सांगणारं रेडिओ केंद्र) लावा, पण शेवटचा उपाय म्हणून.

उतरायला घाई नको. नागपूर १०३३ फुटांवर आहे, म्हणजे सहा हजार फूट खाली यायचंय, मिनिटाला पाचशेने १२ मिनिटं, म्हणून ३० मैल आधीच सुरुवात. थ्रॉटल एकदम मागे ओढला तर तापलेले सिलिंडर झटक्यात थंड होतात, एकेक इंच कमी करत या आणि १५-२० इंचांच्या खाली जाऊ नका. मिक्स्चर परत ऑटो रिच. फ्लॅप टप्प्याटप्प्याने, पूर्ण फ्लॅप ९७ नॉटच्या खालीच. शेवटी ८५ नॉट, आणि तिन्ही चाकांवर एकदम बसवायचा हट्ट सुरुवातीला सोडा. पुढची दोन चाकं टेकवा, दांडा किंचित पुढे ढकलून तिथेच धरा, वेग गेला की शेपूट स्वतःहून खाली येतं. तेव्हा दांडा पूर्ण मागे. पाय मात्र विमान थांबेपर्यंत रडरवर चालू ठेवा, डाकोटा सगळ्यात जास्त इथेच फिरतं, लोकांना वाटतं टेकलं म्हणजे झालं.

हे वारा शून्य असताना जमलं की लाइव्ह वेदर लावा, आणि पावसाळ्यात उडालात तर कार्ब्युरेटर हीट विसरू नका, दमट हवेत बाहेर १५-२० डिग्री असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, मॅनिफोल्ड प्रेशर कारण नसताना पडायला लागलं की समजा तेच.

त्यानंतर नागपूरहून मद्रासचा टप्पा करा, साधारण ४९० मैल, जवळजवळ सरळ दक्षिणेला, साडेतीन तास लागतात. मग पीएमडीजीचं डीसी-६ घ्या, चार इंजिनं आणि सोबत इंजिनिअरचं काम करणारी ऑटोमॅटिक सोय, आणि जेट हवंच असेल तर एक्स-प्लेनवर फेलिसचं ७४७-२००. एअर इंडियाचं पहिलं जंबो, एम्परर अशोक, १९७१ ला आलं ते याच जातीचं. त्यात आयएनएसमध्ये (विमानाची जागा स्वतःच मोजत राहणारी जुनी यंत्रणा) अक्षांश-रेखांश हाताने टाकावे लागतात, एका वेळी फक्त नऊ पॉइंट, त्यामुळे कागद-पेन्सिल तिथेही लागणारच आहे.